कीचक कोण, हे सरकारनेच सांगितलं

परतवाडा सोडून मेळघाटाचा घाट चढला, की चिखलदऱ्यात भीमकुंड लागतं. त्याची कथा वऱ्हाडी माणसाला कुणी शिकवावी लागत नाही. अज्ञातवासातले पांडव इथेच राहिले, जवळचं वैराट ही विराट राजाची नगरी, द्रौपदीच्या वाटेला गेलेल्या कीचकाला भीमाने इथेच मारून दरीत लोटलं आणि रक्ताने माखलेले हात या कुंडात धुतले. विद्वान मंडळी विराटाचा मत्स्यदेश राजस्थानात दाखवतात. दाखवोत बापडी! अमरावती जिल्ह्याचा कीचकावरचा हक्क त्याने कमी होत नाही.

या कीचकाचं पुढे काय झालं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. महाभारतात एकदा मेलेल्या या माणसाला मुंबई सरकारने जानेवारी १९१० मध्ये रंगभूमीवर पुन्हा मरायला मनाई केली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली. ज्या गोष्टीचा शेवट आजीच्या मांडीवर बसणाऱ्या पोरालाही ठाऊक होता, ती थांबवायला अर्ध्या जगावर पसरलेल्या साम्राज्याला कायद्याचं पुस्तक उघडावं लागलं. सरकारी नाट्यबंदीच्या इतिहासात नवलाच्या जागा पुष्कळ आहेत. ही त्यातली सगळ्यात विलक्षण, कारण बंदीची सगळी ताकद आणि सगळी फजिती इथे एकाच ठिकाणी सापडते.

नावच न घेतलेला माणूस

‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. खाडिलकर हे टिळकांच्या ‘केसरी’तले. कथा त्यांनी महाभारतातलीच घेतली: विराटाच्या दरबारात वेष पालटून राहिलेले पांडव, सैरंध्री झालेली द्रौपदी आणि तिच्यावर डोळा ठेवणारा, राजाचा मेहुणा व सेनापती असलेला उन्मत्त कीचक. धर्मराज सबुरीचा सल्ला देतो. भीमाला सबुरी ठाऊक नसते. पुढे जे होतं ते व्यासांनीच लिहून ठेवलेलं आहे.

नाटकात कुठे इंग्रज नाही, बंगालची फाळणी नाही, काँग्रेस नाही. तरीही प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला कळत होतं, की मिशांवर ताव देत दरबारात शिरणारा हा कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, धर्मराज म्हणजे अर्ज-विनंत्या करणारे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. हे समीकरण कागदावर नेमकेपणाने मांडलं ते लंडनच्या ‘टाइम्स’च्या व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने. हिंदुस्थानातल्या असंतोषावर १९१० साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात कोण पात्र म्हणजे कोण, याचा उलगडा आहे. म्हणजे हे कोडं सुटलेलं छापून आलं तेही एका इंग्रजाच्या हातून.

वऱ्हाडातल्या वाचकाला इथे आणखी एक धागा दिसेल. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं होतं, फौजेच्या खर्चापोटी. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. ही त्रिशंकू अवस्था पन्नास वर्षं चालली. १९०२ साली एक व्हाइसरॉय हैदराबादेत जातीने गेला, निजामाशी बोलला आणि वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेऊन आला. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. तो व्हाइसरॉय कर्झन. बंगालची फाळणी ही पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला दूरची बातमी होती. अमरावती-अकोल्याच्या प्रेक्षकाच्या बाबतीत रंगमंचावरच्या ‘कीचकाने’ त्याच्या पायाखालची जमीनच करारात बांधून नेली होती.

आता सरकारच्या जागी बसून पाहा. नाटकात तुमचं नाव नाही. तुमच्या खात्यातल्या मराठी जाणणाऱ्या माणसाने संहिता ओळीओळीने तपासली तरी पौराणिक पात्रांपलीकडे काही सापडत नाही. बंदी घालायची तर कारण द्यावं लागतं, आणि कायद्यात बसणारं कारण एकच: या नाटकामुळे सरकारविषयी अप्रीती निर्माण होते. पण व्यभिचारी, उद्दाम कीचकाबद्दल लोकांना चीड आली, तर ती सरकारविषयीची अप्रीती कशी? याचं उत्तर फक्त एका वाटेने मिळतं. कीचक आमच्यासारखा दिसतो, असं सरकारने स्वतः म्हणावं लागतं. खाडिलकरांनी जे कधीच लिहिलं नाही, ते हुकमाने लिहून दिलं. ज्या अर्थाला सरकार घाबरलं, तोच अर्थ बंदीने पक्का केला. आज ‘कीचकवधा’वर चार ओळी लिहिणारा विद्यार्थीही कर्झनशिवाय सुरुवात करत नाही.

एका राजपुत्राची भेट आणि एक वटहुकूम

ज्या कायद्याने हे झालं, त्याची जन्मकथा एखाद्या फार्साला शोभेल अशी आहे. १८७५-७६ च्या हिवाळ्यात प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर होता. कलकत्त्यातले सरकारी वकील जगदानंद मुखर्जी यांनी त्याला घरी बोलावलं आणि घरातल्या स्त्रियांनी त्याचं स्वागत केलं. बंगाली समाजाला हे रुचलं नाही. ग्रेट नॅशनल थिएटरने फेब्रुवारी १८७६ मध्ये ‘गजदानंद ओ युवराज’ नावाचं प्रहसन रंगवलं. पोलिसांनी ते थांबवलं, तर मंडळींनी नाव बदलून ते पुन्हा केलं. तेही थांबवलं, तर पोलिसांवरच नवीन प्रहसन आणलं. पोलीस कमिशनर होते हॉग आणि सुपरिंटेंडेंट होते लॅम्ब. प्रहसनाच्या नावात डुक्कर आणि मेंढी आली, इतकं सांगितलं की पुरे.

२९ फेब्रुवारीला व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी वटहुकूम काढला. काही दिवसांतच दिग्दर्शक उपेंद्रनाथ दास आणि नट अमृतलाल बसू यांना पकडलं गेलं, तेही दुसऱ्याच नाटकासाठी आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली. हायकोर्टाने त्यांना सोडलं. पण वर्ष संपायच्या आत, डिसेंबर १८७६ मध्ये, वटहुकमाचा कायदा झाला: नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा, १८७६ चा एकोणिसावा.

हा कायदा शांतपणे वाचला, तर एखाद्या चतुर नाटककाराने लिहिल्यासारखा वाटतो. बंदीला तीन कारणं चालतात: बदनामी, सरकारविषयी अप्रीती, किंवा हजर असलेल्यांची मनं बिघडण्याचा संभव. ‘हजर असलेले’ हे फार महत्त्वाचं आहे. पुस्तकाचा कायदा वाचकाकडे पाहतो. हा कायदा एका दालनात एका वेळी बसलेल्या माणसांकडे पाहतो. नाटक कुठे घडतं, हे कायदा लिहिणाऱ्याला बरोबर उमगलं होतं.

शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ती कुणाला? नटाला, प्रयोग चालवणाऱ्याला, थिएटरच्या मालकाला, आणि बंदी माहीत असून मुद्दाम प्रयोग पाहायला बसलेल्या प्रेक्षकालाही, मग त्याने एकच प्रवेश पाहिलेला का असेना. तिकीट काढून गुन्हेगार होण्याची ही सोय विरळाच. बंदीचा हुकूम दवंडीने जाहीर करता येई, छापून भिंतीवर डकवता येई. नाटकाची याहून चांगली जाहिरात कोणत्या मंडळीला परवडली असती? पोलिसांना वॉरंट घेऊन रात्री-अपरात्री थिएटरात शिरता येई आणि पडदे, कपडे, सामान जप्त करता येई. भीमाची गदा मुद्देमालात जमा होऊ शकत होती. त्याचा राग कसा जमा करणार, याचं कलम मात्र नव्हतं.

पिस्तूल कुठे झाडलं गेलं

‘कीचकवध’ १९०७ मध्ये आलं आणि बंदी १९१० मध्ये आली. मधली तीन वर्षं प्रयोग चालू होते. मग अचानक काय झालं?

जुलै १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्यासाठी खटपट करायला अमरावतीचे दादासाहेब खापर्डे लंडनला गेले. या खापर्ड्यांची नाटकाच्या इतिहासातही ठळक जागा आहे. १९०५ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठी नाट्यसृष्टीने एकत्र येऊन पहिल्यांदा अध्यक्षाच्या खुर्चीत बसवला तो माणूस पुण्याचा किंवा मुंबईचा नव्हता, वऱ्हाडातला नामांकित वकील होता आणि टिळकांचा जिवलग होता. नाटक आणि राजकारण तेव्हा एकाच बैठकीत कसं बसत होतं, हे यावरून कळतं.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे या तरुणाने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्या रात्री तिथे प्रयोग होता किर्लोस्कर मंडळीच्या ‘संगीत शारदा’चा. देवलांचं हे नाटक जरठ-कुमारी विवाहावरचं. त्यात राजद्रोहाचा वासही नाही. पिस्तूल झाडलं गेलं सामाजिक नाटकाच्या थिएटरात, आणि महिना-सव्वा महिन्यात बंदी आली पौराणिक नाटकावर.

हे तर्काला धरून नाही असं वाटेल. पण सरकारचं भय तर्काला अगदीच सोडून नव्हतं. जॅक्सनच्या खुनाने कुणाला भीती वाटली असेल, तर ती एका संहितेची नव्हती. शेकडो माणसं अंधारात एकत्र बसतात आणि त्यांना एकाच वेळी एकच गोष्ट कळते, याची ती भीती होती. ‘शारदे’त ते कळणं म्हाताऱ्या नवऱ्याविरुद्ध जात होतं. ‘कीचकवधा’त ते राज्यकर्त्याविरुद्ध जात होतं.

इथे एक सरहद्दीची गंमत आहे. १८७६ च्या कायद्याने बंदीचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला होता, म्हणून मुंबई सरकारचा हुकूम मुंबई इलाख्यापुरता. वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हतं, आणि निजामाच्या नाममात्र मालकीमुळे काटेकोर कायद्याने ते ब्रिटिश हिंदुस्थानातही मोडत नव्हतं. ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे तिथे आपोआप लागू होत नसत, वेगळ्या हुकमाने लावावे लागत. सरकारला हे जड नव्हतं, पण त्यातून दिसतं ते असं की बंदी ही नकाशाच्या रेषांवर चालते. नाटक मंडळ्या मात्र रेल्वेने चालत होत्या. पुण्या-मुंबईची मंडळी खानदेश ओलांडून अकोला, अमरावती करत नागपूरला जाई. तिच्या पेट्यांमधले पडदे दोन-तीन सरकारांच्या हद्दी पार करत.

कुठल्याच नकाशात नसलेलं राज्य

नाटककारांनी यातून धडा घेतला. पुराणातला कीचक ओळखू येतो ना? मग पुराणही नको आणि इतिहासही नको. अशी एक वाट अमरावतीच्या माणसाने रुळवली. १८८१ साली अमरावतीत जन्मलेले वामन गोपाळ जोशी, म्हणजे वीर वामनराव जोशी, पत्रकार आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग सोसलेले कार्यकर्ते होते. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने त्यांचं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ गाजवलं. पुढे १९२७ मध्ये दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने ‘रणदुंदुभी’ आणलं.

या नाटकांतली राज्यं कुठल्याही नकाशात सापडत नाहीत. राजे कल्पित, सेनापती कल्पित. पण पारतंत्र्याची चीड अगदी खरी, आणि तिच्यावर दीनानाथांच्या गळ्याची धार. अशा नाटकावर हुकूम काढायचा तर कल्पित राज्यातला कल्पित जुलूम आपलाच आहे, हे पुन्हा सरकारलाच म्हणावं लागलं असतं. ‘कीचकवधा’ने उघडी पाडलेली अडचण वामनरावांनी नाटकाच्या रचनेतच बांधून टाकली.

जत्रेचं दार

१८७६ च्या कायद्यात आणखी एक कलम आहे, आणि ते वाचून मला सगळ्यात जास्त नवल वाटतं. जत्रा आणि धार्मिक उत्सवातले त्या जातीचे खेळ यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात साफ लिहिलं आहे. कारण समजण्यासारखं आहे. १८५७ नंतर धर्माच्या गोष्टीत हात घालायला सरकार कचरत होतं. कलकत्त्यात कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बंगालमधली ‘जात्रा’ होती. पण या दाराचं माप वऱ्हाडाला अगदी बरोबर बसतं.

वऱ्हाडातल्या बहुतेक माणसांनी शहरातलं नाटक पाहिलेलंच नव्हतं. त्यांची रंगभूमी होती गावाबाहेरच्या यात्रेत, दंडारीत, सोंगांत, भारुडात, कीर्तनात. अमरावती जिल्ह्यात पूर्णेकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत गाडगेबाबा आधी खराटा हातात घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. बाबांचं बालपण अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी गेलं, आणि त्यांची भाषा शेतात राबणाऱ्या वऱ्हाडी माणसाची होती. त्यांचं कीर्तन सवाल-जवाबाचं. बाबा विचारत, समोरचे हजारो लोक ओरडून उत्तर देत. अर्धी संहिता प्रेक्षकांच्या तोंडात असे. ती तपासायला कुणाकडून मागवणार? सावकार, दारू, देवाला बकरं, शिवाशीव, सगळ्यांची हजेरी तिथे घेतली जाई.

तुकडोजी महाराजांची खंजिरी याच दारातून आली. भजनाला बंदी घालता येत नाही म्हटल्यावर सरकारने १९४२ मध्ये भजन म्हणणाऱ्यालाच अटक केली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं. ‘चले जाव’च्या त्या ऑगस्टमध्ये आष्टी-चिमूर पेटले होते. यात एक कबुली आहे. जत्रेचं दार कायद्याने उघडं ठेवलं, पण तिथून काय आत येऊ शकतं, हे सत्तेला पासष्ट वर्षांनी नीट उमगलं.

आधी संहिता दाखवा

स्वातंत्र्य आलं आणि हा कायदा गेला, असं वाटेल. गेला नाही. लखनौला १९५३ मध्ये ‘इप्टा’ या नाट्यसंस्थेने प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ कथेवरचं नाटक केलं, तेव्हा कलाकारांवर हाच १८७६ चा कायदा लावला गेला. १९५६ साली अलाहाबाद हायकोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. तरी कायद्याच्या पुस्तकात तो तसाच बसून राहिला. संसदेने जुन्या कायद्यांची झाडलोट केली आणि २०१८ च्या आरंभी तो अखेर रद्द झाला. एका राजपुत्राच्या पाहुणचारातून निघालेला कायदा एकशे एकेचाळीस वर्षं जगला.

मात्र महाराष्ट्रात तोवर दुसरी व्यवस्था रुजली होती, आणि तिचा स्वभाव निराळा होता. साहेबाचा १८७६ चा कायदा प्रामुख्याने आक्षेपार्ह नाटक हेरून ते थांबवण्याचा होता; ‘कीचकवध’ तीन वर्षं चाललं ते त्यामुळेच. प्रयोगाच्या आधी संहिता तपासायची, ही रीत खुद्द इंग्लंडमधली. पंतप्रधान वॉल्पोलने रंगमंचावरच्या टवाळीला कंटाळून १७३७ मध्ये तसा कायदा केला. नाटकं लिहिणारा हेन्री फील्डिंग त्यामुळे कादंबरीकडे वळला, आणि राजवाड्यातले लॉर्ड चेंबरलेन दोन शतकांहून अधिक काळ नाटकांवर लाल पेन्सिल चालवत राहिले. इंग्लंडने ही रीत १९६८ मध्ये मोडली. आपण ती उचलली. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखालच्या नियमांनी नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परीनिरीक्षण मंडळाकडे न्यावी लागते. १९५६ मध्ये वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आलं, आणि इकडच्या संस्थाही पुढे त्या रांगेत लागल्या.

या मंडळाच्या कथाही ‘कीचकवधा’च्याच वळणाने जातात. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’त गर्भपात झालेल्या स्त्रीच्या साडीवर लाल डाग होता. त्याला हरकत आली. डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगात तशी सूचना दिली, की सेन्सॉरच्या हुकमाने हा डाग निळा आहे. प्रेक्षकाला तो लालच दिसला, कदाचित आधीपेक्षा जास्त लाल. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ला मंडळाने बत्तीस काटछाटी सुचवल्या आणि तेराव्या प्रयोगानंतर नाटक बंद पडलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात लढले, जिंकले, आणि त्या लढाईवर त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’ लिहिलं. आज त्या बत्तीस जागा कुठल्या, हे शोधत नाटकाचे अभ्यासक संहिता वाचतात.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी अमरावतीच्या संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवनात किंवा अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात उतरणारी हौशी मंडळी आजही तालमीइतकीच धावपळ ‘डीआरएम नंबर’साठी करतात, परीनिरीक्षणाच्या दाखल्याचं हे नाट्यवर्तुळातलं नाव. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये या पूर्वपरीक्षणालाच मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं. तो वाद कायद्याचा आहे आणि तो वकिलांनी लढावा. प्रेक्षकाने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. परीनिरीक्षक मुंबईत एकटा बसून पानं वाचतो. त्याला अंदाज बांधायचा असतो, की अकोल्याच्या अंधाऱ्या सभागृहात बसलेल्या माणसाला कुठल्या वाक्यावर कोण आठवेल. कापसाच्या भावावर बोलताना एखादा नट जरा थांबला आणि सगळं सभागृह हसलं, तर ते हसू कुठल्या पानावर होतं? मुंबई सरकारला हे कळलं नाही, हॉग-लॅम्बला कळलं नाही, आणि दाखल्यावर शिक्का मारणाऱ्यालाही कळणार नाही. कारण त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग तिकीट काढून आलेला असतो.